एकटीने झांगजियाजिए (हूनान, चीन): एप्रिलमधील चार-पाच दिवसांचे नियोजन

देवराई | ११ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार.

पुण्यात रविवार पेठेत आमचे भांड्यांचे दुकान आहे. येत्या एप्रिलमध्ये मी ग्वांगझोऊच्या कँटन फेअरला जाणार आहे. हे प्रदर्शन १५ एप्रिल ते ५ मे या काळात तीन टप्प्यांत भरते आणि स्वयंपाकघरातील भांडी दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २३ ते २७ एप्रिलला असतात. आतापर्यंत दोनदा गेले, दोन्ही वेळा दालने, कारखाने आणि हॉटेलची खोली यांच्यापलीकडे काहीही न पाहता परतले. या वेळी प्रदर्शन आटोपल्यावर २८ एप्रिल ते २ मे असे पाच दिवस काढून हूनान प्रांतातील झांगजियाजिए राष्ट्रीय वन उद्यान पाहावे, असे मनात आहे. ते उंच, सरळसोट, माथ्यावर झाडे असलेले खांबासारखे डोंगर मी वीस वर्षांपूर्वी एका दिनदर्शिकेवर पाहिले होते आणि ते चित्र अजून माझ्या दुकानातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेले आहे.

माझे वय ५२ आहे. सह्याद्रीत नियमित भटकते. हरिश्चंद्रगड, राजगड, नाणेघाट अनेकदा झाले. उजवा गुडघा मात्र उतरताना त्रास देतो. मी शाकाहारी आहे, चिनी भाषा येत नाही आणि सोबत कोणी नाही. काचेचा पूल, तियानमेन पर्वत, वन उद्यान आणि जमल्यास फंगहुआंग हे जुने गाव एवढे पाच दिवसांत बसेल का, आणि एकटीने हे करणे कितपत शहाणपणाचे आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया मोकळेपणाने सांगावे.

शांघायकर | ११ जानेवारी, रात्री ११.१५

ताई, ठिकाणाची निवड उत्तम आहे, परंतु तारखा बदला. ही गोष्ट इतर सगळ्या तपशिलांच्या आधी सांगणे मला आवश्यक वाटते. १ ते ५ मे ही चीनमधील कामगार दिनाची सुट्टी आहे. त्या दिवसांत निम्मा देश प्रवासाला निघालेला असतो, रेल्वेची तिकिटे विक्री खुली झाल्याबरोबर संपतात, हॉटेलांचे दर कित्येक पटींनी वाढतात आणि उद्यानातील लिफ्ट व केबल कारसाठी तासन्तास रांगेत उभे राहावे लागते. मी नऊ वर्षे येथे राहतो. मे महिन्यातील पहिला आठवडा, ऑक्टोबरमधील पहिला आठवडा आणि चिनी नववर्ष हे तीन काळ सोडून कोणत्याही दिवशी डोंगरात जावे, असा नियम मी स्वतःसाठी केला आहे.

आपले काम २३ तारखेला सुरू होत असेल तर सहल प्रदर्शनाच्या आधी करा. १६ एप्रिलला पोहोचलात तर २१ पर्यंतचे दिवस मिळतात. छिंगमिंग या पूर्वजस्मरणाच्या सणाची ४ ते ६ एप्रिलची सुट्टी संपलेली असते आणि मेची गर्दी अजून दूर असते. शिवाय थकवा काढायला २२ तारीख हाती राहते. व्यापाराच्या आधी सहल केल्याने मन कामात राहणार नाही, अशी शंका आपल्याला येऊ शकते, पण नंतर जाऊन माणसांच्या पाठी पाहत परतण्यापेक्षा हे निश्चित बरे.

कातळकडा | १२ जानेवारी, सकाळी ७.०५

शांघायकरांशी पूर्ण सहमत. मी २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस तेथे चार दिवस होतो. स्थळांच्या यादीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचा गोंधळ तेथेच होतो.

'झांगजियाजिए' या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. पहिले म्हणजे शहर. त्याचे जुने नाव दायोंग होते, ते १९९४ मध्ये बदलले. या शहराला अगदी खेटून तियानमेन पर्वत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे वूलिंगयुआन परिसर. तो शहरापासून बसने सुमारे एक तासावर आहे. आपल्या दिनदर्शिकेवरचे खांब तेथे आहेत आणि राष्ट्रीय वन उद्यान हा त्याचाच एक भाग आहे. तिसरा तो काचेचा पूल. तो वूलिंगयुआनच्याही पलीकडे, वेगळ्या दरीत आहे आणि त्याचे तिकीटही वेगळे आहे. तिन्ही ठिकाणांची तिकिटे, प्रवेशद्वारे आणि वाहनव्यवस्था स्वतंत्र आहेत. फंगहुआंग तर आणखी निराळ्या दिशेला आहे. पाच दिवसांत हे सगळे 'बसेल', पण आपल्या वाट्याला बसगाड्यांच्या खिडक्या अधिक आणि डोंगर कमी येतील.

माझे स्पष्ट मत असे की आपण वन उद्यानासाठी जात आहात, तर ते नीट पाहा आणि बाकीचे सोडून द्या.

हे उद्यान १९८२ मध्ये चीनचे पहिले राष्ट्रीय वन उद्यान म्हणून घोषित झाले. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९७९ मध्ये, वू ग्वानझोंग हे चित्रकार तेथील सरकारी वनक्षेत्रात गेले होते. त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहिला, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला या जागेची खबर लागली. १९९२ मध्ये युनेस्कोने वूलिंगयुआनला जागतिक वारसा यादीत घेतले. तीन हजारांहून अधिक खांब आणि सुळके आहेत, आणि त्यांतील कित्येक २०० मीटरपेक्षा उंच आहेत.

आपल्यासारख्या सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला तेथील दगड फार बोलका वाटतो. आपला बेसॉल्ट हा लाव्ह्याच्या थरांचा. तो झिजताना पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर आणि कडे तयार होतात. तेथे क्वार्ट्झयुक्त वालुकाश्म आहे, समुद्रकिनारी साचलेल्या वाळूचा, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचे थर जवळजवळ आडवे राहिले आणि त्यांना उभ्या भेगा पडल्या. पाणी त्या भेगांतून उतरले, हिवाळ्यात गोठून फुगले, झाडांच्या मुळांनी भेगा रुंदावल्या आणि मधला भाग कोसळत गेला. थर आडवे असल्यामुळे उरलेले खांब कलंडले नाहीत, ताठ उभे राहिले. कोकणकड्यावर उभे राहून आपण दरीत पाहतो, तेव्हा एक अखंड भिंत दिसते. तेथे तीच भिंत कोणी उभी चिरून शेकडो तुकडे केल्यासारखी दिसते. मी उद्यानातील युआनजियाजिए या उंच भागाच्या कठड्याशी तीन तास बसून होतो.

मुंबईचा_वाटसरू | १२ जानेवारी, दुपारी १.३०

मी थोडा वेगळा विचार मांडतो. इतक्या दूर जाऊन तियानमेन पर्वत न पाहता येणे मला पटत नाही. शहरातून निघणारी तेथील केबल कार साधारण साडेसात किलोमीटर लांबीची आहे. ती घरांच्या छपरांवरून, शेतांवरून आणि मग थेट कड्यांवरून नेते. डोंगराला आरपार पडलेली नैसर्गिक कमान १३१ मीटरहून अधिक उंच आहे आणि तिच्यापर्यंत ९९९ पायऱ्या आहेत. खाली ९९ वळणांचा रस्ता आहे. पर्वताच्या पोटातून सरकते जिने बांधलेले असल्यामुळे गुडघ्याचा प्रश्न असलेल्यांनाही वरून कमानीपर्यंत उतरता येते. एक पूर्ण दिवस त्याला द्यावा, असे मी सुचवेन.

काचेच्या पुलाबद्दल मात्र कातळकडा यांच्याशी सहमत आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तो खुला झाला आणि गर्दी न आवरल्यामुळे दोन आठवड्यांच्या आत काही काळ बंद ठेवावा लागला. पूल ३०० मीटर उंचीवर आहे, हे खरे, पण माझ्या आठवणीत पुलापेक्षा रांगच अधिक राहिली आहे.

देवराई | १३ जानेवारी, रात्री १०.२०

सर्वांचे मनापासून आभार. तारखांची चूक माझ्या लक्षातच आली नव्हती. घरी बोलले, १६ ते २१ एप्रिल ठरते आहे. फंगहुआंग आणि काचेचा पूल आज यादीतून काढले. तियानमेनबद्दल अजून मन ठरत नाही.

आता व्यवहाराचे प्रश्न. प्रदर्शनाच्या निमंत्रणावर मिळालेल्या व्हिसावर सहल करता येते का? ग्वांगझोऊहून तेथे कसे जावे? आणि सगळीकडे फोनवरूनच पैसे द्यावे लागतात, असे ऐकते. ते भारतीय कार्डावर जमते का?

शांघायकर | १४ जानेवारी, रात्री ८.५०

क्रमाने लिहितो.

व्हिसा. व्यापारी कामासाठीचा व्हिसा 'एम' वर्गाचा असतो आणि पर्यटनाचा 'एल' वर्गाचा. 'एम' व्हिसावर आलेला माणूस कामाच्या आगेमागे देशात फिरला, तर त्यात गैर काही नाही. मात्र अर्जातील कार्यक्रमात झांगजियाजिएचे दिवस खरेपणाने लिहा आणि मुक्कामाचे दिवस १६ ते २८ एप्रिल पुरतील इतके मागा. अनेक देशांच्या नागरिकांना चीनने व्हिसामुक्त प्रवेश दिला आहे, पण भारत त्या यादीत नाही, त्यामुळे समाजमाध्यमांवरील 'व्हिसाची गरज नाही' असे सांगणाऱ्या चित्रफितींवर विसंबू नका. आणखी एक गोष्ट: एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर मध्येच हाँगकाँगला जाऊ नका. हाँगकाँगला गेले की चीनच्या मुख्य भूमीतून बाहेर पडल्याची नोंद होते आणि परत येण्यासाठी दुसरा प्रवेश लागतो.

विमान. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस कोलकाता ते ग्वांगझोऊ आणि नोव्हेंबरपासून दिल्ली ते ग्वांगझोऊ ही थेट सेवा पुन्हा सुरू झाली आहे. पुण्याहून दिल्लीमार्गे येणे आपल्याला सोयीचे पडेल.

रेल्वे. ग्वांगझोऊ दक्षिण स्थानकावरून छांगशा दक्षिणपर्यंत अतिजलद गाडीने साधारण अडीच तास लागतात. पुढे छांगशाहून झांगजियाजिए पश्चिम स्थानकापर्यंत दोन ते तीन तास. काही गाड्या थेटही आहेत. तिकीट १२३०६ या रेल्वेच्या अधिकृत अ‍ॅपवर इंग्रजीत काढता येते आणि विक्री प्रवासाच्या १५ दिवस आधी खुली होते. त्यावर पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ लागतो, म्हणून खाते मार्चमध्येच उघडून ठेवा. पासपोर्ट हेच तिकीट असते. क्रमांकातील एक अक्षर चुकले तरी स्थानकावर अडवतील. आणि स्थानकाचे नाव दोनदा वाचा. झांगजियाकोऊ नावाचे एक शहर बीजिंगजवळ आहे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तेथील तिकीट काढून बसले होते.

पैसे. अलीपे आणि वीचॅट या दोन्ही अ‍ॅपना व्हिसा किंवा मास्टरकार्डचे परदेशी कार्ड जोडता येते. एका व्यवहाराची रक्कम २०० युआनपेक्षा जास्त असेल तर ३ टक्के शुल्क लागते. कार्ड भारतातच जोडा, कारण बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो आणि तेथे पोहोचल्यावर तो वेळेत आला नाही की माणूस रस्त्यात अडकतो. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे ठेवा, दोन्हींवरील परदेशी व्यवहार चालू करून घ्या, आणि तरीही हजार-दीड हजार युआन रोख जवळ असू द्या.

इंटरनेट. गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब हे सारे स्थानिक जाळ्यावर बंद असते. भारतीय सिमचे रोमिंग किंवा परदेशात घेतलेले ई-सिम वापरले तर ते सहसा चालते, कारण त्याची वाट देशाबाहेरून जाते. हॉटेलच्या वायफायवर चालणार नाही. नकाशासाठी अ‍ॅमॅप घ्या. चीनमध्ये नकाशांची निर्देशांकपद्धती मुद्दाम सरकवलेली आहे, त्यामुळे परदेशी नकाशावर आपण रस्त्यावर उभ्या असाल तरी ठिपका नदीत दिसू शकतो. डोंगरात ही गोष्ट जीवावर बेतू शकते.

पॉवर बँक. जून २०२५ पासून चीनमधील देशांतर्गत विमानांत '३सी' हे चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राचे चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. आपण रेल्वेने जाणार आहात, तरी ऐन वेळी बेत बदलला तर अडचण नको.

अन्नपूर्णा_७१ | १५ जानेवारी, सकाळी ११.००

देवराई ताई, जेवणाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. मी स्वतः शाकाहारी आहे आणि यजमानांच्या नोकरीमुळे हूनानमध्ये दीड वर्ष राहिले आहे.

हूनानचे जेवण आपल्या कोल्हापुरालाही घाम फोडेल इतके तिखट असते. तिखटाची आपल्याला सवय आहे. अडचण चरबीची आहे. भाजी पालेभाजीच असते, पण ती डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, किंवा वर खिमा पेरलेला असतो, आणि वाढणाऱ्याला त्यात शाकाहाराचा भंग झाला असे मुळीच वाटत नाही. म्हणून केवळ 'मांस नको' असे सांगून भागत नाही. 'मी शाकाहारी आहे. मांस, मासे, डुकराची चरबी आणि मांसाचे पाणी चालत नाही. तेल चालते, अंडे चालत नाही' असे पूर्ण वाक्य चिनी लिपीत लिहून घेऊन फोनवर आणि कागदावर ठेवा. बोलून सांगू नका. स्वर चुकला की अर्थ बदलतो. 'वो छ्र सू' एवढे तीन शब्द, म्हणजे 'मी शाकाहार घेते', तोंडी असू द्या. बुद्धविहारांमुळे 'सू' हा शब्द सर्वांना समजतो.

परतलेली वांगी, बटाट्याचा कीस मिरची-व्हिनेगरमध्ये, टोफू, लसूण घातलेली पालेभाजी आणि भात हे कोठेही मिळते. तुजिया या तेथील स्थानिक जमातीच्या खाणावळींत धुरावलेले डुकराचे मांस छपराला टांगलेले असते. ते पाहून बिचकू नका, आत टोफू मिळतोच. उद्यानात भाजलेली रताळी आणि मक्याची कणसे विकायला असतात. उकळते पाणी प्रत्येक रेल्वेस्थानकावर आणि गाडीत फुकट मिळते, म्हणून झटपट पोहे आणि उपमा यांची पाकिटे, दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या. ताजी फळे, भाज्या आणि दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नका. सीमाशुल्कात काढून घेतात. तिळाच्या वड्या चालतील, पेढे ठेवून जा.

कातळकडा | १५ जानेवारी, रात्री ९.३०

आता उद्यानातील दिवसांची आखणी आणि गुडघा या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहू.

तिकीट सुमारे २२५ युआनचे असून ते सलग चार दिवस चालते. पासपोर्टवर नोंद होते आणि दारावर चेहरा ओळखून आत सोडतात. उद्यानातील बसगाड्या त्यातच येतात. लिफ्ट, केबल कार आणि छोटी रेल्वे यांचे पैसे वेगळे. लिफ्ट व केबल कारला एका दिशेला साधारण ६५ ते ७५ युआन धरा. माझ्या मते चार दिवसांची मुदत ही या तिकिटातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण एप्रिलमध्ये धुके आणि पाऊस ठरलेले. एकाच दिवशी जाऊन परत येणाऱ्या माणसाला कित्येकदा पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही.

मुक्काम वूलिंगयुआन गावात, पूर्वेकडील मुख्य दाराशी चालत जाता येईल अशा ठिकाणी करा. शहरात राहिलात तर रोज येण्याजाण्यात दोन तास जातील.

१७ एप्रिल शुक्रवार आहे. त्या दिवशी सकाळी दार उघडताच आत जा आणि बसने बायलोंग लिफ्ट गाठा. ही ३२६ मीटर उंचीची लिफ्ट कड्याला लावलेली आहे. खालचा निम्मा भाग डोंगराच्या आतून जातो आणि मग एकाएकी काचेपलीकडे खांब उभे राहतात. वर युआनजियाजिए. तेथे समुद्रसपाटीपासून साधारण १०८० मीटर उंचीवर माथा असलेल्या एका खांबाला २०१० मध्ये एका हॉलिवूडपटावरून नवे नाव दिले, त्यामुळे त्या एका कठड्यापाशी तुफान गर्दी असते. मला ते नामकरण आवडले नाही. 'दक्षिण आकाशाचा स्तंभ' हे त्याचे जुने नाव किती सुंदर होते! त्या कठड्यापाशी न रेंगाळता पुढे दोन खांबांना जोडणाऱ्या नैसर्गिक दगडी पुलापर्यंत चालत जा. मग बसने तियानझी पर्वत, १२६२ मीटर, आणि तेथून केबल कारने खाली. या दिवशी गुडघ्यावर जवळजवळ भार नाही.

१८ ला शनिवार. दक्षिणेकडील वन उद्यानाच्या दाराने आत जाऊन जिनबियान शी, म्हणजे 'सोनेरी चाबकाचा ओढा', धरून चाला. सुमारे साडेसात किलोमीटरची सपाट वाट आहे, खांबांच्या पायथ्यातून जाते. वरून सगळे चित्रासारखे दिसते, पण खांब किती उंच आहेत हे मान मागे टाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. येथे माकडे आहेत. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती त्यांचीच. या ओढ्यापासून युआनजियाजिएवर जाणारी पायऱ्यांची जुनी वाट आहे. चढायला हरकत नाही, पण तिने उतरू नका. तेथील वाटा मातीच्या नाहीत, हजारो दगडी पायऱ्या आहेत आणि ओल्या दगडावर उतरताना गुडघा आपल्या घाटवाटांपेक्षा अधिक दुखतो. चढावे पायांनी आणि उतरावे यंत्राने, एवढे पाळा.

१९ ला रविवार, म्हणून कमी गर्दीचा यांगजियाजिए भाग. केबल कारने वर जाऊन उलोंगझायची वाट घ्या; दोन कातळांमधल्या अरुंद फटींतून जाते, पुढे तियानबोफूला लोखंडी शिड्या आहेत. पावसात त्या शिड्या टाळा.

२० तारीख मोकळी ठेवा. पहिल्या दिवशी धुके लागले तर तीच सकाळ पुन्हा करता येईल. आधीचे दिवस स्वच्छ गेले तर तियानमेन. त्याचे तिकीट वेळेनुसार मिळते, आदल्या दिवशी ठरवले तरी सोमवारी मिळायला हरकत नसावी.

मुंबईचा_वाटसरू | १६ जानेवारी, सकाळी ९.१०

ही आखणी पाहून माझे मत बदलले. तियानमेन 'ठरलेला' न ठेवता 'मिळाला तर' असा ठेवणे योग्य आहे.

देवराई | १६ जानेवारी, रात्री १०.४५

कातळकडा, आपण केवढा वेळ देऊन लिहिलेत! छापून दुकानात लावणार आहे.

एक प्रश्न राहिला. घरच्यांची काळजी एकटेपणाची आहे. मुलगी म्हणते, 'आई, पाय मुरगळला तर कोणाला सांगशील?'

शांघायकर | १७ जानेवारी, रात्री ८.००

प्रश्न रास्त आहे. बाई म्हणून एकटीने फिरण्याची भीती येथे मला फारशी वाटत नाही. माझी बहीण दोनदा एकटी फिरून गेली. भाषेची अडचण मात्र खरी आहे आणि तिची तयारी करता येते. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी १२० हे क्रमांक आहेत, परंतु पलीकडच्या माणसाला इंग्रजी येईलच असे नाही. म्हणून एका कार्डावर चिनीत आपले नाव, रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी, हॉटेलचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी लिहून गळ्यातल्या पाकिटात ठेवा. जवळच्या पहारेकऱ्याला ते दाखवले की पुढचे तो पाहील. मुख्य वाटांवर माणसांची आणि कर्मचाऱ्यांची वर्दळ असते. बंद केलेल्या वाटेवर पाऊल टाकू नका आणि शेवटची बस किती वाजता आहे, हे रोज सकाळी विचारून घ्या. भाषांतराचे अ‍ॅप ऑफलाइन चिनीसह उतरवून घ्या. परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडे नोंद हॉटेल करते, त्यासाठी पासपोर्ट मागतील.

मुलीला रोज दोन ठरलेल्या वेळा द्या. भारतात सायंकाळी साडेसहा म्हणजे तेथे रात्रीचे नऊ.

देवराई | ३ मे, दुपारी ४.३०

मंडळी, परत आले. प्रदर्शनाचे काम चांगले झाले. सहलीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१६ तारखेला ग्वांगझोऊला उतरले आणि छांगशाला गाडी बदलून रात्री वूलिंगयुआनला पोहोचले. दोन कार्डांपैकी एक स्थानकावरच नाकारले गेले, दुसरे चालले. दोन कार्डे घ्यायला सांगितले नसते तर पहिल्याच रात्री अडकले असते.

१७ ला दार उघडायच्या आधी रांगेत होते. लिफ्ट वर गेली, दार उघडले आणि समोर काहीच नव्हते. कठडा होता, त्याच्या पलीकडे दूध ओतल्यासारखे पांढरे. मी दोन तास थांबले. एकदा, मोजून दहा-बारा श्वासांपुरता, एका खांबाचा माथा दिसला, त्यावरची पाइनची झाडेही दिसली, आणि मग पुन्हा पांढरे. शेजारचे एक वृद्ध जोडपे एका दिवसासाठी आले होते. त्या आजींनी माझ्याकडे पाहून हात हलवले आणि काहीतरी म्हटले. भाषा कळली नाही, पण हळहळ कळली. तियानझीवरही तेच.

१८ ला भुरभुर पाऊस होता आणि ओढ्याची वाट अप्रतिम झाली. पाणी खळाळत होते, खांबांचे पाय ओले काळे दिसत होते आणि त्यांची डोकी ढगात गेली होती. गर्दी होती, पण पहिल्या दोन किलोमीटरनंतर ती विरळ झाली. चढाची वाट घेतली नाही. पायऱ्या पाहून गुडघ्याने आधीच नाही म्हटले. माकडाने माझी दशमी नेली, पिशवी पाठपिशवीत असूनही. वरचा कप्पा उघडा राहिला होता.

१९ ला पावसामुळे शिड्या सोडल्या, पण उलोंगझायच्या फटींतून गेले. तेथे दोन ठिकाणी आडवे होऊन सरकावे लागते. दुपारी पाऊस थांबला आणि रात्री खोलीच्या खिडकीतून चांदण्या दिसल्या. तेव्हाच तियानमेनचा विचार सोडला.

२० ला पुन्हा तीच रांग, तीच लिफ्ट. काचेपलीकडे उजेड आला तेव्हा खाली दरीत ढग भरलेले होते आणि त्यांतून सगळे खांब वर आलेले. एखाद-दुसरा नाही, नजर जाईल तिथवर. कातळकडा, आपण लिहिले होते तसे थर खरोखर आडवे दिसतात, वहीच्या पानांसारखे. मी कपाटातले ते चित्र नेमके कोठून काढले असेल ते शोधत कठड्याने पुढे गेले, आणि दगडी पुलाच्या थोडे अलीकडे ती जागा सापडली. झाडे मोठी झाली आहेत. दहा वाजेपर्यंत ढग वर आले आणि खांब एकेक करून झाकले गेले.

जेवणाचे अन्नपूर्णाताईंनी सांगितले तसेच झाले. कागद दाखवल्यावर खाणावळीच्या बाईंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेले आणि तेलाची बाटली दाखवून खात्री करून दिली. चारही रात्री तेथेच जेवले; शेवटच्या दिवशी मी तिळाच्या वड्या दिल्या, त्यांनी मिरच्यांचे लोणचे बांधून दिले.

पुढे जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. बुटांचा तळ ओल्या दगडावर पकडणारा हवा. माझे जुने बूट दोनदा सरकले. आणि काठी न्यावी, विमानात ती सामानाच्या बॅगेत टाकावी.

२१ ला सकाळी शहरातून स्थानकाकडे जाताना चालकाने गाडी हळू केली आणि बोट दाखवले. घरांच्या छपरांवर तियानमेन उभा होता, आणि त्याच्या कमानीतून पलीकडचे आकाश दिसत होते.